जेस्ते, दिलीप
(१९४४ – ). अमेरिकास्थित मराठी मानसचिकित्सक. वार्धक्यातील मनोविकार आणि शहाणपणाचा तंत्रिकावैज्ञानिक आधार या विषयांवरील संशोधनासाठी प्रसिद्ध. जन्म महाराष्ट्रातील पिंपळगाव येथे. फ्रॉइड यांच्या ग्रंथांच्या वाचनाने त्यांना कुमारवयातच मनाच्या अभ्यासाची ओढ लागली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मानसचिकित्सेचे प्रशिक्षण पूर्ण केले. १९७० नंतरच्या दशकात ते अमेरिकेस गेले. तेथे तंत्रिकाविज्ञानाचेही प्रशिक्षण घेऊन १९८६ मध्ये ते सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रुजू झाले. २०१२-१३ मध्ये ते अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष होते. हे पद भूषविणारे ते आशियाई वंशाचे पहिले अमेरिकन होत.

जेस्ते यांच्या नावावर साडेसातशेहून अधिक लेख व प्रकरणे आणि चौदा ग्रंथ आहेत. जगातील सर्वाधिक संदर्भोल्लेख लाभलेल्या लेखकांच्या यादीतही त्यांचा समावेश झाला. ही गणना यूजीन गारफील्ड यांच्या संस्थेने १९६४ मध्ये सुरू केलेल्या संदर्भोल्लेखसूचीच्या पद्धतीवर आधारलेली आहे : एखाद्या लेखाचा निर्देश नंतरच्या किती लेखांत झाला, हे तीत मोजले जाते. निर्देश मान्यतेचा आहे की खंडनाचा, हे मात्र संख्येवरून कळत नाही. शिवाय लेख अनेकांनी मिळून लिहिलेला असला, तरी सामान्यतः प्रत्येक लेखकाच्या खाती तो पूर्ण धरला जातो. म्हणून संख्येपेक्षा कोणते लेख वाचले गेले व का, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

त्यांपैकी १९९५ चा एक लेख रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा म्हणता येईल. मनोविकारावरील औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांत जीभ, ओठ व हातपाय यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात आणि औषध थांबविल्यावरही त्या पुष्कळदा टिकून राहतात. या विकारास टार्डिव्ह डिस्किनेझिया म्हणतात. जेस्ते व सहकाऱ्यांनी २६६ मध्यमवयीन व वृद्ध बाह्यरुग्णांची पाहणी केली. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाअखेर हा विकार जडण्याचे संचयी प्रमाण अनुक्रमे २६, ५२ व ६० टक्के आढळले. तरुण रुग्णांत ते वर्षाला सुमारे ५ टक्केच असते. वृद्धांना ही औषधे अल्प मात्रेत व जपून द्यावीत, या मतास त्यामुळे भक्कम आधार मिळाला. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने हॅलोपेरिडॉलपेक्षा रिस्पेरिडोनने हा धोका कमी होतो, असे दाखविले. तथापि नव्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला. त्यावरील २००८ च्या तज्ज्ञ-निवेदनाचे प्रमुख लेखक जेस्ते हेच होते.

वार्धक्य म्हणजे केवळ ऱ्हास नव्हे, या विचाराने पुढे त्यांच्या लेखनास वेगळे वळण दिले. २००६ मध्ये डेप यांच्यासह त्यांनी यशस्वी वार्धक्यावरील २८ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत तब्बल २९ निरनिराळ्या व्याख्या आढळल्या ! २००९ चा मीक्स यांच्यासह लिहिलेला लेख शहाणपणाच्या तंत्रिकाविज्ञानाविषयी आहे. परहितबुद्धी, व्यवहारज्ञान, भावनिक समतोल, आत्मपरीक्षण, सहिष्णुता व अनिश्चिततेचा स्वीकार असे शहाणपणाचे सहा घटक मानून, ललाटपूर्व बाह्यक आणि मेंदूतील भावनांशी निगडित जुने भाग यांच्या समतोलाशी त्यांचा संबंध त्यात जोडला आहे. हा लेख आढावास्वरूपाचा आहे, हे विसरता कामा नये. त्यात आधारास घेतलेले प्रयोग एकेका घटकावरील असून, ‘शहाणपण’ प्रत्यक्ष मोजणारे नव्हेत. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी त्यांच्या गटाने २४ विधानांची श्रेणी तयार केली आणि ती २०१७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. मात्र तिच्यात व्यक्ती स्वतःविषयी जे सांगते त्यावरच भिस्त असल्याने, स्वतःस शहाणे समजणाऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

मराठी वाचकास विशेष वाटावा असा त्यांचा लेख २००८ चा आहे. वाहिया यांच्यासह लिहिलेल्या या लेखात भगवद्‌गीतेतील शहाणपणाच्या कल्पनेची आधुनिक पाश्चात्त्य संकल्पनांशी तुलना केली आहे. जीवनाचे ज्ञान, भावनांचे नियमन व लोकहित ही लक्षणे दोन्हीकडे समान आढळली. वासनांवरील ताबा आणि भौतिक सुखांचा त्याग यांवर गीतेचा असलेला भर मात्र पाश्चात्त्य व्याख्यांत दिसला नाही.