पेसमेकर आणि आयसीडी : एकाच बिघाडाचे दोन परिणाम

हृदयाची लय बिघडल्यावर शरीरात बसवल्या जाणाऱ्या दोन प्रमुख यंत्रांचा आपण येथे विचार करू. ती कशी काम करतात हे समजले, की ती कशी चुकतात हेही कळते. आणि चूक झाली तर ती कोणाला कळवायची, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

१. नैसर्गिक लय
उजव्या अलिंदातील एसए नोड विद्युत स्पंद निर्माण करतो. तो एव्ही नोडमार्गे निलयांपर्यंत पोहोचतो आणि हृदय आकुंचन पावते. विश्रांतीच्या स्थितीत हे मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा घडते. स्पंद वाटेत अडला तर ठोके मंदावतात. चक्कर येते, शुद्ध हरपते. याउलट निलये नुसती थरथरू लागली तर रक्त पुढे जातच नाही आणि काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो.

२. यंत्रांचे काम
दोन्ही यंत्रांत त्वचेखाली बसवलेली धातूची सीलबंद डबी असते. तिच्यात बॅटरी आणि सर्किट असते. डबीपासून एक किंवा अधिक तारा शिरेतून हृदयात जातात. त्यांना लीड म्हणतात.

पेसमेकर आधी ऐकतो, मग बोलतो. त्याचा वेग मिनिटाला 60 ठेवला असेल, तर तो 1000 मिलिसेकंद वाट पाहतो. तेवढ्यात हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर गप्प बसतो. नाही आला तर सूक्ष्म स्पंद देतो. पहिला पेसमेकर 1958 मध्ये स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला गेला. तो काही तासच चालला. पुढे अनेक पेसमेकर बदलत लार्सन 2001 पर्यंत जगले.

आयसीडी जीवघेणी जलद लय ओळखून गरज पडल्यास मोठा विद्युत धक्का देतो. मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून तो 1980 मध्ये प्रथम माणसात बसवला गेला.

३. ऐकण्यात चूक झाली तर
समजा, लीड आतून तुटली आणि तिच्यात विद्युत खरखर निर्माण झाली. पेसमेकर त्या खरखरीला ठोके समजतो आणि गरज असताना गप्प राहतो. आयसीडी तिलाच जलद लय समजतो आणि गरज नसताना, शुद्धीवर असलेल्या माणसाला धक्का देतो. बिघाड एकच, परिणाम परस्परविरुद्ध.

४. बिघाडाची नोंद
एका रुग्णालयाला एक तुटलेली लीड दिसते. ती योगायोगाने तुटली की रचनेतच दोष आहे, हे एका उदाहरणावरून ठरत नाही. त्यासाठी अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र याव्या लागतात. मेडट्रॉनिक कंपनीच्या स्प्रिंट फिडेलिस या आयसीडी लीडबाबत मिनिआपोलिसच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांतील बिघाड प्रसिद्ध केले. 2007 मध्ये कंपनीने तिचा पुरवठा थांबवला. तोवर ती जगभर लाखो रुग्णांत बसवली गेली होती.

भारतात अशा नोंदींसाठी 6 जुलै 2015 रोजी ‘मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया’ सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीलगत गाझियाबाद येथे, इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. डॉक्टर, परिचारिका, अभियंते, एवढेच नव्हे तर रुग्णही तेथे अहवाल पाठवू शकतात. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 नुसार उपकरणांचे अ ते ड असे चार धोका-वर्ग आहेत. पेसमेकर आणि आयसीडी सर्वाधिक धोक्याच्या ड वर्गात येतात.

तुमच्या घरात कोणाला असे यंत्र बसवले असेल, तर त्यासोबत मिळालेले कार्ड जपून ठेवायला सांगा. त्यावरील मॉडेल आणि अनुक्रमांक असल्याशिवाय अहवाल नेमक्या यंत्राशी जोडता येत नाही.

सारांश : शस्त्रक्रिया संपली तरी यंत्राची परीक्षा संपत नाही. ती यंत्र शरीरात असेपर्यंत चालते, आणि तिचा निकाल नोंदींतूनच कळतो.

स्वाध्याय
१) पेसमेकरचा वेग मिनिटाला 50 ठेवल्यास तो किती मिलिसेकंद वाट पाहील?
२) एकाच लीड-बिघाडाचे दोन्ही यंत्रांवर वेगळे परिणाम का होतात?