संगणकाच्या वहीतील शिळा आकडा

पतसंस्थेतील किंवा पेढीवरील जुन्या कारकुनाची काम करण्याची रीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. दिवसभर होणारे व्यवहार तो रोजकीर्दीत लिहीत जातो; प्रत्येक नोंदीनंतर सर्व खात्यांच्या बेरजा करीत बसत नाही. व्यवहार थांबले की खतावणी करतो आणि मग शिल्लक काढतो. दुपारी कोणी शिल्लक विचारलीच, तर ‘अजून बेरीज व्हायची आहे’ असे सरळ सांगतो.

संगणकावरील स्प्रेडशीट याच्या उलट वागते. तिच्या एका कप्प्यात आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली सर्व सूत्रे ती त्याच क्षणी पुन्हा सोडवते. यालाच पुनर्गणन म्हणतात. लहान हिशोबात हा वेग आपल्या लक्षातही येत नाही. पण समजा, एका तक्त्यात २०,००० ठेवीदारांच्या ओळी आहेत आणि व्याजाची सर्व सूत्रे वरच्या एकाच कप्प्यातील व्याजदर वाचतात. एका ठेवीदाराची रक्कम बदलली, तर त्याचे व्याज व त्याला जोडलेल्या बेरजा एवढेच पुन्हा मोजावे लागते. व्याजदर बदलला, तर वीसही हजार सूत्रे जागी होतात. त्या बेरजांवर आलेख काढलेले असतील, तर तेही पुन्हा रेखाटले जातात. प्रत्येक नोंदीला असे घडू लागले म्हणजे काम करणारा कंटाळून जातो.

ही अडचण नवी नाही. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांनी १९७९ मध्ये ॲपल-टू संगणकासाठी तयार केलेल्या व्हिसिकॅल्कमध्येही गणन आपोआप व्हावे की सांगितल्यावर व्हावे, हे ठरवता येत असे. उद्गारचिन्हाची कळ दाबली की सारा तक्ता पुन्हा मोजला जाई. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ मध्ये हे काम एफ-९ या कळीकडे आले, आणि आलेख पाहण्यासाठी एफ-१० दाबावी लागे. एक्सेल व लिबरऑफिस कॅल्क यांत एफ-९ आजही तेच काम करते. तक्ते मात्र फार वाढले. एक्सेलच्या एका पानावर पूर्वी ६५,५३६ ओळी मावत. २००७ च्या आवृत्तीपासून १०,४८,५७६ मावतात.

एक्सेलमध्ये ‘फॉर्म्युलाज’ या विभागात ‘कॅल्क्युलेशन ऑप्शन्स’ उघडून ‘मॅन्युअल’ निवडले की संगणक जुन्या कारकुनासारखा वागू लागतो. आपण नोंदी करीत जायचे आणि त्या संपल्या की एफ-९ दाबायची. शिफ्टसह एफ-९ दाबल्यास केवळ समोरचे पान मोजले जाते.

परंतु कारकुनात आणि संगणकात एक मोठा भेद उरतो. ‘अजून बेरीज व्हायची आहे’ असे संगणक नेहमीच ठळकपणे सांगतो असे नाही. अनेकदा खालच्या पट्टीवर ‘कॅल्क्युलेट’ हा बारीक शब्द तेवढा उमटतो, आणि जुनी बेरीज नव्या नोंदींखाली निश्चिंतपणे बसून राहते. एका लहान संस्थेच्या वार्षिक सभेत मी याचा परिणाम पाहिला आहे. शेवटच्या दिवशी आलेल्या दोन ठेवी तक्त्यात बरोबर लिहिल्या होत्या. बेरीज आणि मासिक ठेवींचा आलेख मात्र आदल्या दिवसाचा छापला गेला होता. फाईल जतन करताना एक्सेल सहसा पुनर्गणन करून घेते, पण येथे छपाई आधी झाली आणि जतन नंतर. एका सभासद बाईंनी अहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर हाताने बेरीज केली आणि फरक दाखवला. पुढचा पाऊण तास ‘पैसे गेले कुठे’ याच प्रश्नावर गेला. पैसे कुठेच गेले नव्हते. नोंदी खऱ्या होत्या, सूत्रे अचूक होती. एक कळ दाबायची राहिली होती.

याहून फसवी गोष्ट पुढेच आहे. गणनाची ही पद्धत केवळ एका फाईलपुरती राहत नाही. एक्सेल सुरू केल्यावर जी फाईल प्रथम उघडली जाते, तिची पद्धत त्या बैठकीत नंतर उघडलेल्या फाईलींनाही लागू होते. सहकाऱ्याने पाठवलेली ‘मॅन्युअल’ फाईल सकाळी आधी उघडली, तर आपला स्वतःचा हिशोबही आपल्या नकळत थांबतो. म्हणून बेरीज हलत नाही असे दिसले की सूत्रावर संशय घेण्यापूर्वी ही निवड तपासावी.

‘मॅन्युअल’चा आश्रय घेण्याआधी तक्ताच हलका करता आला तर अधिक चांगले, असे माझे मत आहे. आजची तारीख देणारे ‘टुडे’ हे सूत्र प्रत्येक पुनर्गणनाच्या वेळी पुन्हा सोडवले जाते, आणि त्यावर विसंबलेली सूत्रेही त्याच्यामागे धावतात. ते २०,००० ओळींत पसरण्याऐवजी तारीख एका कप्प्यात रोज हाताने लिहावी. आलेखही हजारो ओळींवर थेट काढू नये. बारा महिन्यांच्या बारा बेरजा वेगळ्या पानावर घ्याव्यात आणि आलेख त्यांवर काढावा. तो चटकन रेखाटला जातो व वाचणाऱ्यालाही कळतो. पिव्हट तक्त्यावर आधारलेला आलेख मात्र एफ-९ ला दाद देत नाही. मूळ नोंदी बदलल्यावर त्यासाठी सहसा ‘रिफ्रेश’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. छपाईपूर्वी आधी ती द्यावी, मग एफ-९ दाबावी आणि निदान एक बेरीज कागदावर ताडून पाहावी.