पहिला तास उलटल्यानंतर

धडगावहून तळोद्याकडे उतरणारा सातपुड्यातला चांदसैली घाट अरुंद आहे, वळणं अंगावर येतात आणि पावसाळ्यात दरड कोसळली की वाटच बंद होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप याच घाटात कोसळली आणि माणसं गेली. अशा अपघातातून जो वाचतो त्याचा पुढचा प्रवास लांब असतो. पाडा आडवाटेला असेल तर आधी बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत, मग तळोद्याचं रुग्णालय, तिथून हातोडा पुलावरून तापी ओलांडून नंदुरबार, आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली तर धुळे किंवा सुरत. २०१४ मध्ये राज्यात १०८ च्या ९३७ रुग्णवाहिका आल्या, २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. फरक पडला, तो मान्यच करायला हवा. तरी डॉक्टर ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात तो तास इथे अनेकदा घाटातच संपतो. म्हणून डोक्याच्या दुखापतीवरच्या गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाकडे वळून पाहताना मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: ज्याचा पहिला तास हातचा गेला, त्याला द्यायला या शास्त्राकडे काय आहे?

१९७१ मध्ये लंडनला पहिल्यांदा रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी ग्लासगो मोजपट्टी दिली: डोळे उघडतो का, बोलतो काय, हातपाय कसे हलवतो, यावरून ३ ते १५ गुण. शुद्ध किती हरपली हे मोजता येऊ लागलं, रक्ताची गाठ दिसू लागली, वेळेत काढता येऊ लागली. औषधांची कहाणी मात्र दुःखाची आहे. मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड वर्षानुवर्षं दिलं जात होतं. १०,००८ रुग्णांवरच्या ‘क्रॅश’ चाचणीचा निकाल २००४ मध्ये आला, तेव्हा दोन आठवड्यांतले मृत्यू स्टिरॉइड मिळालेल्यांत २१.१ टक्के आणि न मिळालेल्यांत १७.९ टक्के निघाले. प्राण्यांत गुणकारी ठरलेलं प्रोजेस्टेरॉन २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत निष्फळ ठरलं. २०१९ च्या ‘क्रॅश-३’ मध्ये ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा सौम्य आणि मध्यम दुखापतीत थोडा उपयोग दिसला, तोही तीन तासांच्या आत दिलं तर. सगळी धाव घड्याळाशी होती, आणि त्या धावेत सातपुडा सुरुवातीलाच मागे पडलेला होता.

याच काळात एक धागा पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळेत विणला जात होता. पेशीवर संकट आलं, विषाणू शिरला किंवा घडी बिघडलेली प्रथिनं साचली, की ती ईआयएफ-२ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण लावते आणि नवी प्रथिनं बनवण्याचं काम आवरतं घेते. दुष्काळात घराने चूल दिवसातून एकच वेळ पेटवावी तसं. पण आठवण पक्की व्हायला नवी प्रथिनंच लागतात. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीटर वॉल्टर यांच्या गटाने हा अटकाव सैल करणारा इस्रिब हा रेणू पुढे आणला. २०१७ मध्ये त्यांनी सुझाना रोझी यांच्या गटासोबत तो डोक्याला मार बसलेल्या उंदरांना दिला, तोही सुमारे चार आठवड्यांनी. पाण्यातल्या चक्रव्यूहात वाट विसरणारे उंदीर ती पुन्हा लक्षात ठेवू लागले, आणि औषध थांबल्यावरही काही दिवस ते टिकलं. माझं बोट त्या चार आठवड्यांवर आहे. हरवलेली स्मृती सगळीच मेलेल्या पेशींबरोबर गेली नव्हती. जिवंत पेशी संकट टळल्यावरही संकटातल्यासारख्याच वागत होत्या.

हे उंदरांत झालं, माणसांत नाही, हा आक्षेप रास्त आहे. प्रोजेस्टेरॉनचा धडा ताजाच आहे. शिवाय इस्रिबच्याच वाटेने जाणारी दोन औषधं एएलएस या आजारात तपासली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये दोन्हींच्या पदरी अपयश आलं. मात्र एएलएसमध्ये पेशींचा ऱ्हास रोज चालू असतो. डोक्यावरचा मार एकदाच बसतो आणि मागे पेशींचा तो संकटकाळचा ताण रेंगाळतो. त्यामुळे त्या अपयशाला मी इशारा मानतो, निकाल मानत नाही. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: प्रथिनांचं काम आवरणारा हा ताण-प्रतिसाद पेशीचं कवच आहे, ते का काढायचं? पहिल्या दिवसांत काढूच नये, असं मला वाटतं. प्रश्न ते किती दिवस वागवायचं याचा आहे. आणि तळोद्यातून विचारलं जाईल, की उशिराच्या उपचाराची आशा दाखवून रस्ता, रुग्णवाहिका, न्यूरोसर्जन यांची मागणी थंड करायची आहे का? मुळीच नाही. कवटीत साचलेलं रक्त चार आठवडे थांबत नाही.

डोक्याच्या दुखापतीनंतर उशिरा देऊन स्मृती परत आणणारं मान्यताप्राप्त औषध आज बाजारात नाही, आणि कुणी त्या नावाखाली काही विकत असेल तर घेऊ नये. पण औषध येण्याआधीचं एक काम आपल्या हातात आहे. टाके निघाले, चालता-बोलता झाला, की रुग्ण घरी जातो आणि नोंद तिथेच थांबते. महिन्याभराने तो मजुरीचा हिशेब चुकतो, बाजाराला निघून अर्ध्या वाटेत कशाला निघालो ते विसरतो. घरचे म्हणतात, मारामुळे चिडका झाला. त्याला महिन्याने परत बोलावून स्मृती तपासायला हवी. उद्या चाचण्या निघाल्या तर त्यात कुणाला घ्यायचं हेही अशा नोंदींवरूनच ठरेल. ती तपासणी पावरी, भिलोरी, अहिराणी या इथल्या बोलींत व्हायला हवी, आणि आठवायला दिलेले शब्द मोह, विळा, टोपली असे घरातले हवेत. मराठीतले पाच शब्द आठवले नाहीत म्हणून पावरी बोलणाऱ्याची स्मृती गेली, अशी नोंद झाली तर ती कुणाच्याच कामाची नाही.