ज्ञानेश्वर कुठल्या अक्षराखाली सापडेल?

प्राथमिक आरोग्य केंद्रात संगणक आला आणि आपल्या सीमाभागात पहिला घोळ झाला तो नावांचा. ज्ञानेश्वर हे नाव आपण इंग्रजीत 'डी'ने सुरू करतो, कन्नड वळणाचा कारकून 'जे'ने, आणि इंदूर-बडोद्याकडे बहुधा 'जी'ने. खानापूरचा किंवा निपाणीचा रुग्ण बेळगावात एका स्पेलिंगने नोंदलेला असतो आणि कोल्हापूर-मिरजेला दुसऱ्याच. कागदावर हे खपून जायचं. जुना केसपेपर पुढे ठेवला की डॉक्टर नाव नव्हे, गोळ्या बघायचे. संगणकात अक्षर चुकलं की माणूसच सापडत नाही, मग नवी नोंद होते आणि मागचा मधुमेह, रक्तदाब सगळं जुन्या नोंदीत पडून राहतं.

यावर तोडगा म्हणजे 14 अंकी आभा क्रमांक. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं, त्यातला हा. राज्याची हद्द ओलांडली तरी क्रमांक तोच, म्हणून आपल्यासारख्यांना त्याचा उपयोग जास्त. पण खिडकीवर समजावून सांगायला वेळ कुणाला? क्रमांक नसेल तर औषध मिळणार नाही, असं अनेक म्हाताऱ्यांना वाटतं. तो ऐच्छिक आहे आणि आपली माहिती दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची तर आपली संमती लागते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यात आधारला जोडलेला मोबाइल पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाकडे. ओटीपी तिकडे जातो आणि आजी इकडे रांगेत!

कर्मचाऱ्यांना संगणक नकोच असतो, हे काही खरं नाही. गावोगाव फिरणाऱ्या सिस्टरांसाठी 2016 मध्ये 'अनमोल' हे टॅबलेटवरचं ॲप आलं. कोणत्या बाळाची लस राहिली, कोणत्या गरोदर बाईची तपासणी जवळ आली, हे त्यात झटकन दिसतं. त्यांचं दुखणं वेगळंच आहे. टॅबलेट आला तरी अनेक ठिकाणी रजिस्टर सुटलं नाही. दिवसा वहीत लिहायचं, आणि जंगलपट्ट्यातल्या गावात रेंज मिळाली नाही की संध्याकाळी घरी बसून तेच पुन्हा भरायचं. हा दुहेरी लिखाणाचा जाच आधी थांबवायला हवा, मग हवी तेवढी प्रशिक्षणं घ्या.

रुग्णांची तक्रार एकच, डॉक्टर आमच्याकडे बघत नाहीत, पडद्याकडे बघतात. नाडी बघणारा, मराठीत दोन शब्द विचारणारा डॉक्टर ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे खुपणारच. आणि खिडकीवरचा पडदा रांगेतल्या सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला असेल, तर बायका आपला आजार मोकळेपणाने सांगणार कशा? पडदा फिरवून ठेवायला तर खर्चही येत नाही.

तूर्त घरातल्या मोठ्यांसाठी एवढं करा. आधारवरचं स्पेलिंग आणि आभा क्रमांक ठळक अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहा. ती चिठ्ठी जुन्या केसपेपरांच्या पिशवीतच ठेवा. आणि ती पिशवी टाकू नका.