एक फायबर, 32 घरं: मधला प्रकाश जातो कुठे?

घरी फायबरचं कनेक्शन असेल, तर केंद्रातून निघालेलं फायबर फक्त तुमच्यासाठी असतं असं समजू नका. जीपॉन पद्धतीत एकाच फायबरवर बहुतेक वेळा 32 किंवा 64 घरं जोडलेली असतात. खांबावर किंवा जिन्यात लावलेल्या डब्यात प्रकाशाची वाटणी होते. ती करतो स्प्लिटर. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. आत असते काचेची एक छोटी चिप.

वाटला जातो तो प्रकाश, डेटा नाही. सगळ्यांचा डेटा सगळ्या घरांत पोचतो आणि तुमचा मोडेम त्यातला तुमचा तेवढा उचलतो.

आता हिशोब. प्रकाशाचे दोन भाग केले की प्रत्येकाला निम्मा, म्हणजे 3 डेसिबलची घट. 32 घरांसाठी असं पाच वेळा दुभागायचं, म्हणजे 15 डेसिबल. ही घट कुणालाच टळत नाही; एका भाकरीचे चार वाटेकरी झाले तर प्रत्येकाला चतकोरच मिळणार. पण 1:32 स्प्लिटरच्या माहितीपत्रकात आकडा 17च्या आसपास असतो. दोनच तर जास्त, असं वाटतं ना? 15ला प्रत्येक घराला 3.1 टक्के प्रकाश मिळतो, 17ला 2 टक्के. 32 घरांची बेरीज 64 टक्के! एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश डब्यातच संपला.

याचा फटका शेवटच्या घराला बसतो. जीपॉनच्या बी-प्लस वर्गात केंद्रापासून घरापर्यंत एकूण 28 डेसिबल घट चालते. घरातून परत जाणारा प्रकाश 1310 नॅनोमीटरचा असतो आणि फायबरमध्ये तो किलोमीटरला साधारण 0.35 डेसिबल गमावतो. म्हणजे स्प्लिटरमध्ये 1 डेसिबल वाचला, तर जवळपास 3 किलोमीटर पुढच्या घरापर्यंत लाईन जाऊ शकते.

मग हे जादा डेसिबल जातात कुठे? चिपवर प्रकाशासाठी केसापेक्षा कितीतरी बारीक वाट कोरलेली असते आणि ती इंग्रजी वाय अक्षरासारखी फुटते. दोन फांद्यांमधलं टोक सुईसारखं हवं, पण प्रत्यक्षात कोरताना ते थोडं बोथट राहतंच, आणि तिथे प्रकाश विखुरतो. फांद्या घाईने दूर नेल्या तर वळणावर प्रकाश बाहेर सांडतो, घाटात वेगात वळणाऱ्या गाडीसारखा. वळण सैल ठेवलं तर चिप लांब आणि महाग होते. डिझाइनरची खरी कसरत इथेच. शिवाय चिपला फायबर चिकटवताना एखाद्या मायक्रोमीटरची चूकही अंगाशी येते.

सिलिकॉनच्या चिपवर तर हे काम संगणकावर सोडून देतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात वायच्या फाट्याची रुंदी 13 ठिकाणी बदलत बदलत, पक्ष्यांच्या थव्यावरून सुचलेल्या अल्गोरिदमने आकार शोधला. फाटा जेमतेम 2 मायक्रोमीटर लांब, आणि वाटणीपलीकडची घट सरासरी 0.28 डेसिबल. आकार मात्र असा फुगीर आणि वेडावाकडा, की हाताने कुणी काढलाच नसता.

गंमत म्हणजे परतीच्या वाटेवरही तीच 15 डेसिबलची घट होते. तिथे तर प्रकाश एकत्र येतोय, मग घट कशाला? कारण एका फांदीतून आलेल्या प्रकाशाचा निम्माच भाग पुढच्या अरुंद वाटेत बसतो. उरलेला बाजूला निघून जातो.

तुमच्या मोडेमच्या सेटिंग पानावर बऱ्याचदा 'आरएक्स पॉवर' असा उणे आकडा दिसतो. बी-प्लसमध्ये तो उणे 27च्या खाली गेला की कनेक्शन डळमळतं, लाल दिवाही लागू शकतो. काल उणे 20 होता आणि आज उणे 26 झाला, तर स्प्लिटरवर संशय घेण्याआधी कपाटामागे दाबली गेलेली पिवळी वायर बघा.