बशीतला स्नायू

बोरी अरबला माझ्या चुलतभावाचा नऊ वर्षांचा मुलगा आहे. त्याला ड्यूशेन स्नायुक्षय आहे. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, पण जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकावे लागतात. गेल्या दिवाळीत दादाने विचारले, "प्रयोगशाळेत मांस उगवतेत म्हन्ते. मंग याच्या पायात काऊन नाई भरत?" मी जीवशास्त्र शिकवतो, तरी नीट सांगता आले नाही. ते राहिलेले उत्तर असे.

स्नायूचा तंतू स्वतः विभागत नाही. दुरुस्ती करतात त्या त्याच्या कडेला चिकटलेल्या 'उपग्रह पेशी'. अलेक्झांडर मौरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत त्यांचे वर्णन केले. स्नायूचा तुकडा विकरांनी मोकळा करून या पेशी वेगळ्या काढतात आणि ३७ अंश सेल्सिअसला पोषक द्रवात वाढवतात. द्रवातले सीरम कमी केले की त्या विभागणे थांबवतात, ओळीने लागतात आणि एकमेकींत मिसळून लांब तंतू होतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून संशोधकांना मिळणाऱ्या उंदराच्या 'सी२सी१२' पेशीही अशाच वागतात.

नुसत्या बशीत मात्र हे तंतू दुबळे राहतात. त्यांना ताण हवा. म्हणून पेशी मऊ जेलमध्ये मिसळून दोन टोकांना धरून ठेवतात, खुंट्यांना ताणलेल्या चऱ्हाटासारख्या. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २०१५ साली असा मानवी स्नायू विजेच्या झटक्याने आकुंचन पावला.

मग तो पायात का घालत नाहीत? पहिली अडचण रक्ताची. रक्तवाहिन्यांशिवाय प्राणवायू ऊतीत मिलिमीटरच्या अंशभरच शिरतो. जाड स्नायू आतून मरतो. दुसरी मज्जातंतूची, तो जोडला गेला नाही तर हुकूम पोचत नाही. नुसत्या पेशी टोचण्याचे प्रयोग १९९०च्या दशकात झाले. बहुतेक पेशी मेल्या, उरलेल्या सुईच्या वाटेपलीकडे फारशा पसरल्या नाहीत. शिवाय मुलाच्या स्वतःच्या पेशींत डिस्ट्रॉफिन प्रथिनाच्या जनुकाचा तोच दोष असतो. आणि दुरुस्ती एका पायाची नाही. शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत, श्वासपटलही त्यातलेच.

तरीही बशीतला स्नायू निरुपयोगी नाही. रुग्णाच्या पेशींपासून केलेल्या स्नायूवर औषध आधी तपासता येते. मुलाच्या अंगावर पहिला प्रयोग करावा लागत नाही.

या दिवाळीत दादाला हेच सांगणार आहे. आणि हेही, की तोवर व्यायामोपचार, श्वासाची आणि हृदयाची तपासणी चुकवू नकोस.