करवंदाएवढा मणी

आमच्या घरी द्राक्षाचा मणी मोजायची रिंग आहे. मणी 18 मिलिमीटरच्या भोकातून खाली निसटला की नानांचा चेहरा उतरतो. निफाड तालुक्यात खाण्याच्या द्राक्षांची बाग करणाऱ्या माणसाचं सगळं वर्ष त्या भोकाभोवती फिरतं. फुगवणीसाठी डिपिंग, मग विरळणी, मग पाणी, पुन्हा पाणी. अशा घरात वाढूनही मी वाइनरी आतून पाहिली नव्हती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी कॉलेजातले आम्ही चौघं निघालो. त्यातला एक अजिबात घेत नाही, त्यामुळे गाडी दिवसभर त्याच्याकडेच होती.

पहाटे साडेपाचला गंगापूर धरणाच्या अंगाला, गंगावऱ्ह्याच्या रस्त्यावरच्या एका लहान वाइनरीच्या बागेत पोचलो. कानटोपी घालूनही कान दुखावेत अशी थंडी होती. शिराझ द्राक्षांचा खुडा चालू झाला होता. डोक्याला बॅटरी बांधलेल्या पंधरा-वीस बायका ओळीने पुढे सरकत होत्या. इतक्या पहाटे का, तर ऊन चढलं की घड तापतो, फुटलेल्या मण्यातला रस क्रेटमध्येच आंबायला लागतो. थंड माल आत गेला तर वास टिकतो.

आमच्याकडे घड देठाला धरून कापतात, मण्यावरची पांढुरकी पावडर पुसली जाऊ नये म्हणून. इथे मावशी घड खालून तळहातावर झेलत होत्या आणि कात्री लावून सरळ क्रेटमध्ये सोडत होत्या. देखणेपणाशी कुणाला देणंघेणं नाही. मात्र सुकलेला किंवा बुरशी लागलेला मणी दिसला की मावशींचं बोट तिथे थांबायचं, तेवढाच भाग छाटला जायचा. हातानेच चाचपून करायचं काम ते.

मी एक मणी तोडला. जेमतेम करवंदाएवढा, तसाच काळा. बोटांत दाबला तर रस पाण्यासारखा निघाला, जवळजवळ बिनरंगाचा. मग साल अंगठ्यावर चोळली, तेव्हा जांभळा डाग उमटला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. रेड वाइनचा रंग सालीत असतो, तुरटपणा सालीत आणि बियांत. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून इथे मणी फुगवत नाहीत. मण्यात पाणी उतरायला लागलं की ठिबक कमी करत नेतात आणि वेलीला थोडं तहानलेलं ठेवतात. आमच्या बागेत जो मणी बारीक राहिला म्हणून बाजूला काढतात, तशाच मण्यासाठी इथे वर्षभर राबणं चाललेलं असतं. मी त्या ओळीत बराच वेळ नुसता उभा राहिलो.

छाटणी मात्र दोन्हीकडे सारखीच: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वर्षाला एकदा छाटली की झालं. आपल्याकडे ती झोपतच नाही, तिला कात्रीने वळण लावावं लागतं. म्हणून तिकडचा खुडा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि आपला जानेवारी ते मार्च, नेमक्या थंड रात्रींच्या दिवसांत.

सात वाजता क्रेट आत आले. पट्ट्यावर दोघी जणी पानं, काड्या वेचत होत्या. पुढचं यंत्र मणी एकीकडे आणि देठांचे सांगाडे दुसरीकडे टाकत होतं. चेनिन ब्लँकसारख्या पांढऱ्या द्राक्षांचा रस लगेच दाबून काढतात आणि टाकीत थंड ठेवून सावकाश आंबवतात. शिराझ मात्र सालीसकट टाकीत जाते. यीस्ट साखर खायला लागलं की वायू सुटतो आणि साली वर ढकलल्या जातात. आठवड्यापूर्वी भरलेल्या टाकीवर शिडीने चढून पाहिलं, तर वर दुधावर यावी तशी जाड जांभळी साय. ती कोरडी पडली तर बिघडते, म्हणून तळाचा रस पंपाने तिच्यावर दिवसातून दोन-तीनदा सोडतात.

“वाकून वास घेऊ नका, दादा,” टाकी सांभाळणारा मुलगा म्हणाला. त्याने पेटवलेली काडी आत धरली. सायीच्या वीतभर वरच ती विझली. टाकीत उतरायची वेळ आली तर आधी हवा तपासल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, हा इथला पहिला धडा. मुलगा दिंडोरीकडचा, विशी ओलांडलेला. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक टाकीचं तापमान आणि साखर वहीत लिहितो. त्याचे तळहात मनगटापर्यंत निळसर झाले होते.

दुपारी यॉर्क वाइनरीत गेलो, मग सुलाला. यॉर्कच्या गच्चीतून धरणाचं पाणी लख्ख दिसत होतं. सुलात रविवारची गर्दी. राजीव सामंतांच्या या वाइनरीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि नाशिकभोवती वाइनऱ्या उभ्या राहत गेल्या. सॉव्हिन्यॉ ब्लँकच्या ग्लासात मला कच्च्या पेरूचा वास आला. शिराझ जिभेच्या कडांना जांभळासारखी धरून राहिली. सकाळी साल चावली होती, म्हणून तो तुरटपणा ओळखीचा वाटला.

सकाळी निघताना चार घड मागून घेतले होते. संध्याकाळी ते घरी ओट्यावर ठेवले. नानांनी रिंग काढलीच नाही. एक मणी तोंडात टाकला, बिया हातावर काढल्या.

“गोड आहे. पण यात खायला काय?”

मग आतून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणला, काचेवर थेंब पिळला आणि दिव्याकडे धरून बघत राहिले. “साडेतेवीस,” म्हणाले. आमची थॉमसन द्राक्षं अठराला गेली की आम्ही खुशीत असतो.

“एकरी किती निघतं?”

“चार-पाच टन. दर आधी कराराने ठरतो.”

नाना गप्प झाले. 2008 नंतरच्या मंदीत वाइनचा खप बसला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा मुळासकट उपटल्या. आमच्या बांधाला लागूनच असा एक दीड एकर होता. उपटलेल्या खोडांचा ढीग तिथे दोन पावसाळे पडून होता, नानांनी तो रोज पाहिला होता.

त्यांनी रिफ्रॅक्टोमीटरची काच धोतराच्या सोग्याने पुसली, दुसऱ्या घडातला मणी पिळला आणि पुन्हा दिव्याकडे धरला.

“पाणी कधी तोडतात म्हणालास?”